मुस्लिम क्लायंटची झकात: फायनान्शियल ॲडव्हायझरने काय विचारायचं, काय मोजायचं आणि कुठे थांबायचं

रमजान जवळ आला की आपल्या लाईनमधल्या बऱ्याच जणांना फोन येतात, "जरा स्टेटमेंट पाठवा ना, झकात काढायचीय." आपण पोर्टफोलिओची आजची व्हॅल्यू असलेली पीडीएफ पाठवतो आणि आपलं काम झालं असं समजतो. फार तर कुणी तरी त्या आकड्याला अडीच टक्क्याने गुणून देतो. मी कोकणात म्युच्युअल फंड आणि प्लॅनिंगचं काम करतो, माझे निम्म्याहून जास्त क्लायंट मुस्लिम आहेत, आणि मला मनापासून वाटतं की हे एवढ्यावर सोडून चालणार नाही. कारण झकात, म्हणजे साठलेल्या मालातून दरवर्षी गरजूंना द्यायचा ठराविक हिस्सा, ही देणाऱ्याची मर्जी नाही, ते फर्ज म्हणजे बंधनकारक आहे, इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक, आणि काढलेला पैसा हा गरिबाचा हक मानला जातो. म्हणजे आपला आकडा चुकला तर कुणाच्या तरी हकाचे पैसे राहून जातात.

अडीच टक्के सगळ्यांनाच माहीत असतं हो, खरी मेहनत आहे ती कशावर अडीच टक्के हे ठरवण्यात, आणि तिथे आपल्याला इन्कम टॅक्समुळे लागलेल्या सवयी आडव्या येतात. टॅक्स मिळकतीवर असतो, झकात साठलेल्या मालावर. टॅक्सचं वर्ष मार्चला संपतं, हिचं चांद्र वर्ष असतं. आणि आपण सगळं कुटुंब म्हणून बघतो, झकात एकेका माणसाची असते.

सगळ्यात आधी: माल कुणाचा?

फॅमिली पोर्टफोलिओ, ग्रुप फोलिओ, एकत्रित नेटवर्थ हे सगळं आधी बाजूला ठेवा. नवऱ्याची झकात वेगळी, बायकोची वेगळी, कमावत्या मुलाची वेगळी. बायकोचे दागिने, मेहरमध्ये म्हणजे निकाहात नवऱ्याकडून मिळालेलं सोनं, माहेरून आलेलं सोनं हे तिचं असेल तर झकात तिच्यावर आहे, नवऱ्यावर नाही. नवरा तिच्या परवानगीने तिच्या वतीने भरू शकतो आणि बहुतेक घरांत तसंच होतं, पण हिशोबाच्या शीटवर दोन रकाने पाहिजेतच, कारण निसाब म्हणजे झकात लागू होण्याची जी किमान मर्यादा आहे ती प्रत्येकाची स्वतंत्र तपासायची असते.

जॉइंट खातं असेल तर स्पष्ट विचारा, पैसे नक्की कुणाचे? "आयदर ऑर सर्व्हायवर" हे बँकेच्या सोयीसाठी असतं, त्यावरून मालकी ठरत नाही. तसंच नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आईच्या नावाने एफडी केली सीनियर सिटिझनचा रेट मिळतो म्हणून, पैसे मात्र मुलाचे, असं आपल्याकडे घरोघरी असतं, मग ते दिले होते की फक्त नावावर ठेवले होते हे त्यांनाच विचारायचं, आपण गृहीत धरायचं नाही.

लहान मुलांच्या नावावरची एसआयपी आणि सोनं हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मसलकवर, म्हणजे क्लायंट इस्लामी कायद्याचा कोणता संप्रदाय मानतो त्यावर आहे, म्हणून तिकडे वळू.

दुसरा प्रश्न: हनफी की शाफई, की आणखी काही?

हा प्रश्न विचारायला लोक घाबरतात, वाटतं क्लायंटला राग येईल. उलट त्याला बरं वाटतं की समोरच्याला निदान एवढं तरी कळतंय. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग, ठाण्याकडचे कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, देशावरचे, मराठवाड्यातले, मालेगाव-भिवंडीचे, मुंबईतले मेमन वगैरे बहुतेक हनफी. दोन्ही सुन्नीच, पण आपल्या हिशोबात फरक मोठा पडतो.

हनफी मतात सोन्या-चांदीच्या दागिन्यांवर झकात आहेच, रोज अंगावर असले तरी. शाफई मतात बाईच्या वापरातल्या, बेतशीर दागिन्यांवर नाही, पण गुंतवणूक म्हणून ठेवलेलं सोनं, बिस्किटं, नाणी, न वापरता साठवलेलं असेल त्यावर आहे. मुलांच्या मालावर हनफी मतात झकात नाही, शाफई मतात आहे आणि ती पालकाने मुलाच्या मालातून काढायची. कर्जाचंही तसंच, हनफी हिशोबात देणं वजा होतं, शाफई मसलकच्या प्रचलित मतात देणं असलं तरी हातातल्या मालावर झकात लागतेच.

शिया क्लायंट असेल तर हा सगळा तक्ताच बदलतो. अस्ना अशरी (बारा इमाम मानणाऱ्या) शियांमध्ये झकात ठराविक नऊ गोष्टींवर असते, त्यात सोन्या-चांदीची नाणी, गुरं, गहू, जव, खजूर, मनुका असं येतं, आणि शहरी माणसाला खरा लागू होतो तो खुम्स, म्हणजे वर्षभराच्या खर्चातून उरलेल्या बचतीचा पाचवा हिस्सा, २० टक्के. दाऊदी बोहरा आणि आगाखानी खोजांच्या आपापल्या जमातीच्या व्यवस्था आहेत. तिथे सुन्नी झकातचं कॅल्क्युलेटर उघडून बसू नका, त्यांची जमात काय सांगते ते विचारा आणि फक्त आकडे पुरवा.

तारीख पक्की करा

नियम असा की माणूस ज्या दिवशी पहिल्यांदा निसाबएवढ्या मालाचा मालक झाला ती हिजरी म्हणजे इस्लामी कॅलेंडरची तारीख त्याची झकातची तारीख, आणि चांद्र वर्ष पूर्ण झालं की हिशोब. ती तारीख बहुतेकांना आठवत नाही, म्हणून अंदाजाने एक ठरवतात, खूप जण रमजानची पहिली धरतात. एकदा ठरली की तीच चालू ठेवायची, दरवर्षी सोयीने पुढे-मागे नाही.

चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं. भारतात २०२४ ला पहिला रोजा १२ मार्चला होता, २०२५ ला २ मार्चला. म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये दरवर्षी १ एप्रिलचा रिमाइंडर लावलात तर क्लायंटचे दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे पडतात आणि ३३ वर्षांत एका अख्ख्या वर्षाची झकात बुडते. धंद्याचा हिशोब इंग्रजी वर्षानेच बसत असेल आणि त्याच्या आलिमांना (धर्माच्या जाणकारांना) ते चालत असेल तर दर २.५ ऐवजी साधारण २.५७७ टक्के धरतात, हे आकडेमोडीतलं छोटं काम आहे पण लक्षात ठेवा.

वर्षाच्या मध्ये शिल्लक खाली गेली तर? हनफी हिशोबात वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी निसाब असला की पुरे, मधे कमी झाली तरी चालतं, पूर्ण शून्य झाली तर मात्र वर्ष नव्याने सुरू होतं. शाफईत रोख आणि सोन्या-चांदीसाठी निसाब वर्षभर टिकायला हवा. त्यामुळे शाफई क्लायंटचं बँक स्टेटमेंट अख्ख्या वर्षाचं बघावं लागतं, नुसती क्लोजिंग बॅलन्स पुरत नाही.

निसाब आणि तोळ्याचा घोळ

ग्रंथात निसाब २० मिस्काल सोनं किंवा २०० दिरहम चांदी असा आहे. आजच्या वजनात बरेच जण ८५ ग्रॅम सोनं आणि ५९५ ग्रॅम चांदी धरतात, भारतातले हनफी मुफ्ती (धर्माचे निर्णय सांगणारे आलिम) साडेसात तोळे सोनं आणि साडेबावन्न तोळे चांदी सांगतात.

आता इथे नीट बघा. हा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा. म्हणून साडेसात तोळे म्हणजे ८७.४८ ग्रॅम आणि साडेबावन्न तोळे म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. आज सराफाकडे आपण तोळा म्हणतो तो १० ग्रॅमचा. क्लायंटची आई सांगते "माझ्याकडे आठ तोळे आहे" आणि ते सराफाच्या आजच्या पावतीवरचे आठ तोळे असतील तर ते ८० ग्रॅमच झाले, म्हणजे नुसतं सोनं असेल, बाकी काहीच नसेल तर निसाबच्या खाली. म्हणून दागिना ग्रॅममध्येच लिहून घ्या, पावतीवर नेट वजन बघा, खडे, मोती आणि आत भरलेली लाख वजा करा, मजुरी धरू नका, आणि भाव त्या दिवशी विकायला गेलं तर सराफ जो देईल तो धरा. जुन्या पाटल्या-बांगड्यांच्या पावत्या नसतात, मग एकदा सराफाकडे नेऊन प्रत्येक दागिन्याचं वजन आणि कॅरेट लिहून आणायला सांगा. हे काम एकदाच करावं लागतं, पुढे दरवर्षी फक्त भाव बदलायचा.

सोन्याचा निसाब धरायचा की चांदीचा? समजा शुद्ध सोनं १२,००० रुपये ग्रॅम आणि चांदी १५० रुपये ग्रॅम आहे. सोन्याचा निसाब झाला १०,४९,७६० रुपये, चांदीचा ९१,८५४ रुपये. फरक बघा केवढा. हनफी मतात रोख, सोनं, व्यापारी माल असं मिश्र असेल तर सगळं एकत्र करून चांदीच्या निसाबशी तुलना करतात, त्यात गरिबांचा फायदा जास्त आहे असं त्यामागचं म्हणणं. त्यामुळे एखाद्या बाईकडे तीन तोळे सोनं आणि खात्यात थोडे पैसे असले तरी ती निसाबवाली होऊ शकते, आणि हे तिला स्वतःला बऱ्याचदा माहीतच नसतं.

आता एकेक मालमत्ता

राहतं घर, गाडी, फर्निचर, मोबाईल यावर झकात नाही. दुसरा फ्लॅट भाड्याने दिला असेल तर फ्लॅटवर नाही, भाड्यातून जे साठून राहिलं त्यावर आहे. पण प्लॉट घेतानाच नफ्याने विकायचा म्हणून घेतला असेल तर तो व्यापारी माल, आणि दरवर्षी बाजारभावावर झकात. म्हणून प्रॉपर्टीच्या प्रत्येक ओळीपुढे "कशासाठी घेतली" असा रकाना ठेवा. उत्तर "बघू पुढे काय ते" असं असेल तर तेच लिहा, आलिम त्यावर सांगतील.

बचत खातं आणि एफडी सोपं, मुद्दल पूर्ण धरायचं. व्याज मात्र वेगळं काढायचं, कारण ते मुळात त्याचं मानलंच जात नाही. व्याजाची सगळीच्या सगळी रक्कम सवाबची (पुण्याची) अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकतात, तिच्यातून झकात फेडता येत नाही. शीटवर व्याज, झकात, सदका (मर्जीने दिलेलं दान) आणि फितरा असे चार वेगळे रकाने करा, एकात एक मिसळू देऊ नका. फितरा तर पूर्ण वेगळी गोष्ट, ईदच्या नमाजाआधी माणशी द्यायचं धान्य किंवा त्याची किंमत, तिचा पोर्टफोलिओशी संबंध नाही.

शेअर आणि इक्विटी फंडात मतं जास्त आहेत. ट्रेडिंगसाठी घेतलेले शेअर पूर्ण बाजारभावाने धरतात. लांब पल्ल्याचे असतील तर कंपनीकडे जी रोकड, येणी आणि माल आहे तेवढ्याच हिश्श्यावर, मशिनरी-इमारतींवर नाही, असं एक मोठं मत आहे. ते मोजणं सामान्य माणसाला जमत नाही म्हणून परदेशातल्या काही झकात संस्था ढोबळ २५ किंवा ३० टक्के व्हॅल्यू धरतात, तर आपल्याकडचे बरेच मुफ्ती सांगतात की हिशोब माहीत नसेल तर सावधगिरी म्हणून पूर्ण व्हॅल्यूवर काढा. आपलं काम काय, दोन्ही आकडे तयार ठेवायचे. टाटा एथिकल, टॉरस एथिकल किंवा शरिया बीज (BeES) ईटीएफ असा शरिया फंड असला तरी झकात सुटत नाही, शरिया फंड म्हणजे गुंतवणूक कुठे करायची याची चाळणी, झकातची सूट नव्हे. हा गैरसमज मला वारंवार दिसतो, आणि तो फंड विकणाऱ्यांनीच पसरवलेला असतो याचं वाईट वाटतं.

ईपीएफबद्दल भारतातल्या बऱ्याच हनफी मुफ्तींचं मत असं की सक्तीने कापली जाणारी रक्कम हातात येईपर्यंत तिच्यावर झकात नाही. ग्रॅच्युइटीचंही तसंच. स्वतःहून वाढवलेला व्हीपीएफ आणि पीपीएफ मात्र आपल्या मर्जीने ठेवलेले पैसे, त्याचं मुद्दल धरायला सांगतात. गोल्ड ईटीएफ आणि सॉव्हरिन गोल्ड बॉण्ड बाजारभावाने धरा. वापरातल्या दागिन्यांची शाफई सूट त्यांना लागू करू नका, कागदावरचं सोनं कुणी अंगावर घालत नाही.

धंदेवाल्यांचं थोडं सविस्तर. भिवंडी-मालेगावचा लूमवाला असेल तर यंत्रमाग, शेड, टेम्पो यावर झकात नाही, गोदामातलं सूत, कापड, येणी आणि रोकड यावर आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या बोटवाल्याची बोट, इंजिन, जाळी सुटतात, मासळी विकून साठलेला पैसा धरायचा. स्टॉक खरेदीच्या भावाने नव्हे, त्या दिवशीच्या विक्रीच्या भावाने. सीए बॅलन्सशीटमध्ये स्टॉक कॉस्टला धरतो, म्हणून ती शीट जशीच्या तशी वापरता येत नाही. येण्यांमध्ये बुडीत आणि येणारी अशी वर्गवारी दुकानदाराकडूनच करून घ्या, त्याला गिऱ्हाईक माहीत असतं.

आंबेवाल्यांचा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. शेतीच्या पिकाची झकात वेगळी, तिला उश्र म्हणतात, पावसावरच्या पिकाला दहावा हिस्सा आणि पाणी घालून पिकवलेल्याला विसावा. शाफई मतात ती साठवून खाण्याच्या मुख्य धान्यावर, आणि फळांपैकी खजूर-द्राक्षावर. म्हणजे भाताला लागू होते, हापूसला नाही. इमाम अबू हनीफांच्या मतात मात्र जमिनीतून येणाऱ्या जवळपास सगळ्याच पिकावर आहे. आणि हापूसचे पैसे हातात येऊन वर्षभर टिकले तर ते रोकड म्हणून दोघांच्याही हिशोबात आलेच.

एक उदाहरण, पूर्ण आकड्यांसकट

समजा चिपळूणचं जोडपं, नवरा कुवेतला नोकरीला. बायकोकडे १८० ग्रॅम वापरातले दागिने, २२ कॅरेटचा भाव ११,००० धरला तर १९,८०,००० रुपये, खात्यात १,४०,००० पैकी ४,००० व्याज. नवऱ्याच्या एफडी १२,००,००० पैकी ८०,००० व्याज, इक्विटी फंड ६,००,०००, आणि घराचं कर्ज.

कर्ज म्हटलं की क्लायंट फेडायचं राहिलेलं सगळं मुद्दल वजा करायला निघतो. तसं केलं तर २० वर्षांचं कर्ज असलेला श्रीमंत माणूस कधीच निसाबवाला होणार नाही. आजचे अनेक हनफी मुफ्ती फक्त येत्या एका वर्षात देय असलेले हप्तेच वजा करू देतात, ते समजा मुद्दलाचे १,२०,०००.

हनफी हिशोबाने बायको: १९,८०,००० अधिक १,३६,०००, एकूण २१,१६,०००, झकात ५२,९०० रुपये. नवरा: ११,२०,००० अधिक ६,००,००० वजा १,२०,०००, म्हणजे १६,००,०००, झकात ४०,००० रुपये. दोघांची मिळून ९२,९००.

शाफई हिशोबाने बायकोचे दागिने सुटले, राहिले १,३६,०००. चांदीचा निसाब धरला आणि रक्कम वर्षभर त्याच्या वर होती असं समजू, तर झकात ३,४०० रुपये. नवऱ्याचं कर्ज वजा होत नाही, म्हणून १७,२०,००० वर ४३,०००. दोघांची मिळून ४६,४००. तेच घर, तेच स्टेटमेंट, आणि रक्कम निम्मी. दोन्हीकडे फंड पूर्ण व्हॅल्यूने धरलाय आणि ८४,००० रुपये व्याज वेगळं बाहेर काढायचंच आहे.

बायकोची ५२,९०० झकात बघा, तिच्या खात्यात १,३६,००० आहेत म्हणून निभावलं. पुष्कळ बायकांकडे सोनं असतं आणि रोकड अजिबात नसते, मग नवरा भरतो नाही तर थोडं सोनं विकावं लागतं. इथे आपण खरंच उपयोगी पडतो. वर्षाची अंदाजे झकात काढून बारा महिन्यांत विभागून द्यायची. निसाब हातात असेल तर आगाऊ झकात देणं दोन्ही मसलकमध्ये चालतं, फक्त तारखेला पुन्हा हिशोब करून कमी पडलं तर भरायचं. म्हणजे रमजानमध्ये घाईने फंड रिडीम करून एक्झिट लोड आणि शॉर्ट टर्म टॅक्स भरायची वेळ येत नाही. हे पैसे लिक्विड फंडात पार्क करा असं मात्र सुचवू नका, त्यात व्याजाचाच माल असतो.

टॅक्स आणि परदेशातले पैसे

झकात दिली म्हणून टॅक्समध्ये आपोआप काही सूट मिळत नाही. गरजूच्या हातात दिली तर काहीच नाही. ८०जी (देणगीदाराला टॅक्स वजावट मिळवून देणारी मान्यता) असलेल्या संस्थेला दिली आणि क्लायंटची जुनी टॅक्स रेजीम असेल तर वजावट मिळू शकते, २,००० च्या वर रोख दिलेली चालत नाही, आणि एकाच धर्माच्या लोकांच्या फायद्यासाठी असलेल्या संस्थेला साधारणपणे ८०जी मिळत नाही, म्हणून सर्टिफिकेट बघितल्याशिवाय क्लायंटला हो म्हणू नका.

आखातातल्या क्लायंटसाठी अजून एक. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत इथल्या संस्थेला पाठवलेली देणगी विदेशी देणगी धरली जात नाही. पण भाऊ ब्रिटिश किंवा अमेरिकन नागरिक झाला असेल, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असेल, तर त्याची देणगी विदेशी ठरते आणि संस्थेकडे एफसीआरए म्हणजे विदेशी देणगी कायद्याची परवानगी लागते. गावच्या मदरशाच्या किंवा ट्रस्टच्या कमिटीला हे माहीत नसतं आणि नंतर त्रास त्यांनाच होतो.

कुठे थांबायचं

कुणाला द्यायची हे कुराणात आठ वर्गांत सांगितलंय, गरीब, मिस्कीन, कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला मुसाफिर वगैरे. आई-वडील, आजी-आजोबा, मुलं-नातवंडं यांना देता येत नाही, गरीब भाऊ-बहीण, पुतण्या, मामा यांना येते. क्लायंटने विचारलं तर एवढं सांगा, पण तो कुणाला देतो हे खोदून विचारू नका, घेणाऱ्याची इज्जत त्यात आहे.

फतवा देऊ नका. तुमच्या शीटवर "आलिमांना विचारायचे मुद्दे" अशी जागा ठेवा आणि तीन-चार नेमके प्रश्न लिहून द्या, "फंड लांब पल्ल्याचा, व्हॅल्यू ६ लाख, पूर्ण धरायची का" असे. मौलानांनाही मग उत्तर देणं सोपं जातं, कारण त्यांच्याकडे लोक अर्धवट माहिती घेऊन जातात. आणि तारखेच्या आदल्या दिवशी सोनं बायकोच्या नावावर करा, पैसे प्लॉटमध्ये फिरवा, असले टॅक्स प्लॅनिंगसारखे सल्ले चुकूनही देऊ नका. एयूएम (आपल्यामार्फत गुंतवलेली एकूण रक्कम) कमी होईल म्हणून झकातसाठीचं रिडेम्प्शन लांबवणं तर त्याहून वाईट.

मागची वर्षं राहिली असतील तर ती माफ होत नाहीत, हिशोब करून द्यावी लागते, आणि इथे आपल्याकडचे जुने कॅस (सगळ्या फंडांचं एकत्रित स्टेटमेंट) आणि बँक स्टेटमेंट फार कामाला येतात, क्लायंटकडे ते कधीच नसतात. हे जिवंतपणी उरकलेलं बरं, कारण माणूस गेल्यावर शाफई मतात राहिलेली झकात वारसांत वाटणी होण्याआधी त्याच्या मालातून देणं म्हणून काढतात, हनफीत त्याने वसीयत (मृत्युपत्र) केली असेल तरच, आणि तीही मालाच्या एक तृतीयांशापर्यंत. म्हणून वसीयत आणि नॉमिनीची फाईल बनवताना राहिलेल्या झकातची एक ओळ वर्षवार आकड्यांसकट त्यात घालून घ्या, आणि खाली क्लायंटची सही.